न केलेल्या प्रवासाचे पैसे

विमानाचे तिकीट विकत घेणे हा वरवर पाहता अगदी साधा व्यवहार आहे. प्रवासी पैसे देतो, विमान कंपनी जागा राखून ठेवते आणि ठरलेल्या दिवशी प्रवास घडतो. परंतु या व्यवहारात एक गोष्ट अशी आहे की जी बाजारातील बहुतेक खरेदीत आढळत नाही. भाजी किंवा कापड घेताना पैसे आणि माल यांची देवघेव एकाच वेळी होते. विमानाच्या तिकिटाचे पैसे मात्र आठवडे, कधी कधी महिने आधी दिले जातात आणि त्याच्या बदल्यात ग्राहकाच्या हाती पडते ते केवळ एक वचन. पैसे दिल्याचा दिवस आणि प्रवासाचा दिवस यांच्या दरम्यानच्या काळात प्रवासी हा वस्तुतः विमान कंपनीचा सावकार असतो. या कर्जाला व्याज नसते, तारण नसते आणि आपण कर्ज दिले आहे याची जाणीवही बहुधा सावकाराला नसते.

प्रवास सुरळीत पार पडला तर या नात्याचा विचार करण्याचे कारण उरत नाही. प्रवास रद्द झाला म्हणजे मात्र प्रश्न उभा राहतो: ते पैसे कोणाचे? ते प्रवाशाला रोख परत मिळावेत, की पुढील प्रवासासाठी कंपनीकडेच जमा राहावेत? जमा राहिले आणि पुढील प्रवास कधी घडलाच नाही तर त्यांचे काय होते? या प्रश्नांची उत्तरे भारतात मुख्यतः दिल्ली आणि तिच्या परिसरात शोधली गेली. सफदरजंग विमानतळालगत राजीव गांधी भवनात नागरी विमान वाहतूक मंत्रालय आहे आणि समोरच महासंचालनालयाचे कार्यालय आहे. तेथून जवळच, आय.एन.ए. येथे राष्ट्रीय ग्राहक तक्रार निवारण आयोग आहे. इंडिगो, एअर इंडिया आणि स्पाइसजेट या कंपन्यांची मुख्यालये शेजारच्या गुरुग्राममध्ये आहेत. या प्रश्नावरचा सर्वांत महत्त्वाचा निर्णयही दिल्लीतच, सर्वोच्च न्यायालयात झाला.

जमा राहिलेली रक्कम

रद्द झालेल्या तिकिटाची रक्कम प्रवाशाच्या नावे कंपनीच्या हिशेबात ठेवली जाते, तिला विमान व्यवसायात 'क्रेडिट शेल' असे म्हणतात. ही रक्कम ठराविक मुदतीत त्याच कंपनीचे दुसरे तिकीट घेण्यासाठी वापरता येते. गावच्या वाण्याकडे उरलेले सुटे पैसे 'पुढच्या खेपेला वळते करून घेऊ' म्हणून ठेवण्याचा प्रकार सर्वांच्या परिचयाचा आहे. क्रेडिट शेल हा त्याचाच विस्तारित अवतार होय. फरक इतकाच की वाण्याकडे माणूस दर आठवड्याला जातो, तर सामान्य कुटुंब विमानात वर्षातून एखाद्या वेळी बसते. शिवाय वाण्याकडील जमेला मुदत नसते.

रुपयाच्या नोटेने कोणतीही वस्तू कोठेही घेता येते. जमेच्या रुपयाने एकाच कंपनीची एकच सेवा, एका विशिष्ट तारखेच्या आत घेता येते. म्हणून दोन्हींवरचा आकडा सारखा असला तरी त्यांचे मोल सारखे नसते. एक कल्पित उदाहरण घेता येईल. दिल्लीतील पहाडगंज भागात राहणाऱ्या एका मराठी कुटुंबाने पुण्यातील लग्नासाठी प्रत्येकी ५,५०० रुपयांप्रमाणे चार तिकिटे काढली आणि विमान रद्द झाले असे समजू. कंपनीने २२,००० रुपये त्यांच्या नावे जमा ठेवले. लग्न पुढे चार माणसांत उरकले गेले. वर्षभरात त्या घराला पुण्यास जाण्याचे दुसरे निमित्त मिळाले नाही, किंवा मिळाले तेव्हा दोघांनीच जायचे ठरले. हिशेबाच्या वहीत २२,००० रुपये शाबूत आहेत, पण ज्या कारणासाठी ते दिले होते ते कारण आता उरलेले नाही. दरम्यान घरातील कमावत्या माणसाची नोकरी गेली असेल, तर विमानाच्या नव्या तिकिटापेक्षा त्या पैशांची गरज घरभाड्यासाठी अधिक असते. जमा रकमेने घरभाडे देता येत नाही.

जमा रक्कम वाया जाण्याची कारणे बहुतांशी अशीच साधी असतात. मुदत नव्या प्रवासाच्या तारखेपर्यंत मोजायची की नुसत्या आरक्षणापर्यंत, याचा उलगडा अनेकांना होत नाही. कित्येकदा ती मुदत प्रवास रद्द झाल्याच्या दिवसापासून न मोजता मूळ तिकीट काढल्याच्या दिवसापासून मोजली जाते, त्यामुळे प्रत्यक्ष वापरासाठी थोडेच महिने उरतात. जमा रक्कम ज्याच्या नावे आहे त्यालाच वापरता येते, असा नियम असल्यास घरातील दुसऱ्याला तिचा उपयोग नसतो. नवे भाडे जमेपेक्षा जास्त असले तर पदरचे पैसे घालावे लागतात. कमी असले तर उरलेली रक्कम पुन्हा पडून राहते. या प्रत्येक अडचणीपाशी काही प्रवासी गळतात. कोणीही कोणाची उघड फसवणूक केलेली नसते, तरीही पैसे एका हातातून दुसऱ्या हातात गेलेले असतात.

हिशेबाच्या वहीत काय घडते

विमान कंपनीने तिकीट विकले म्हणजे तिला लगेच उत्पन्न झाले असे हिशेबशास्त्र मानत नाही. मिळालेली रक्कम ताळेबंदात दायित्व म्हणून दाखवली जाते, कारण त्या रकमेपोटी सेवा देणे अद्याप बाकी असते. विमान उडाले की तेवढे दायित्व कमी होते आणि ती रक्कम उत्पन्नात धरली जाते. त्याच वेळी इंधन, विमानाचे भाडे, वैमानिकांचे वेतन आणि विमानतळाचे शुल्क हा खर्चही मांडला जातो. भारतात इंधनाचाच वाटा एकूण खर्चाच्या चाळीस टक्क्यांपर्यंत जातो. सर्व वजा जाता तिकिटामागे उरणारा नफा अल्प असतो आणि पुष्कळदा तोटाच असतो.

न वापरलेल्या जमेची गोष्ट वेगळी आहे. तिची मुदत संपली की दायित्वही संपते आणि ती रक्कम उत्पन्नाच्या बाजूला येते. तिच्यासमोर मात्र कोणताही खर्च मांडावा लागत नाही. विमान उडालेले नसते आणि इंधन जळालेले नसते. या प्रकारच्या उत्पन्नाला हिशेबनीस 'ब्रेकेज' म्हणतात. भारतात १ एप्रिल २०१८ पासून लागू झालेल्या 'इंड एएस ११५' या हिशेबमानकात त्याची रीत सांगितलेली आहे. ग्राहकांच्या हक्कांपैकी किती भाग वापरला जाणार नाही, याचा पूर्वानुभवावरून विश्वसनीय अंदाज करता येत असेल, तर इतर ग्राहक आपले हक्क जसजसे वापरतील त्या प्रमाणात कंपनीने तो भाग उत्पन्नात धरावा. असा अंदाज करता येत नसेल, तर हक्क वापरला जाण्याची शक्यता अगदी दूरची ठरेपर्यंत थांबावे.

हे मानक कंपन्यांना अप्रामाणिक बनवते असे म्हणता येणार नाही. घडून गेलेली गोष्ट खरेपणाने नोंदवणे एवढेच त्याचे काम आहे. तथापि त्यातून एक गोष्ट स्पष्ट होते. प्रवाशांचा विसर ही मोजता येण्याजोगी, किंबहुना आधीच अजमावता येण्याजोगी बाब आहे. ज्या गोष्टीपासून उत्पन्न होते ती कमी करण्याची घाई कोणत्याही व्यवसायाला नसते. मुदत संपत आल्याची आठवण करून देणारे पत्र पाठवण्यास फारसा खर्च येत नाही, परंतु ते पाठवल्याने कंपनीचा फायदाही होत नाही. या प्रश्नाचे मूळ येथे आहे.

नियम आणि संकट

भारतातील नियम या बाबतीत मुळात प्रवाशाच्या बाजूचे आहेत. तिकिटांच्या परताव्याविषयी महासंचालनालयाने २००८ साली नियम केले आणि पुढे त्यांत सुधारणा केल्या. त्यांतील एक तरतूद विशेष लक्षात ठेवण्यासारखी आहे. परताव्याची रक्कम क्रेडिट शेलमध्ये ठेवावी की नाही, हे ठरवण्याचा अधिकार प्रवाशाचा आहे. कंपनीने ती आपली नेहमीची पद्धत बनवू नये. रद्द करण्याचे शुल्क मूळ भाडे आणि इंधन अधिभार यांच्या बेरजेपेक्षा अधिक असू नये आणि परतावा न मिळणाऱ्या तिकिटांवरही सरकारी कर व विमानतळाची शुल्के परत द्यावीत, अशाही तरतुदी आहेत. प्रवास झालाच नाही, तर तो झाल्यास द्यावयाचे शुल्क कंपनीने ठेवून घेण्यास आधार नाही, हे या शेवटच्या तरतुदीमागील तत्त्व होय.

हे नियम कसोटीला लागले ते २०२० साली. त्या वर्षी २५ मार्च रोजी देशभर टाळेबंदी सुरू झाली आणि देशांतर्गत विमाने थांबली. ती २५ मे रोजी मर्यादित प्रमाणात पुन्हा सुरू झाली. दरम्यानच्या दोन महिन्यांत लक्षावधी तिकिटे निरुपयोगी झाली. कंपन्यांनी बहुतेक ठिकाणी रोख परताव्याऐवजी रक्कम जमा ठेवण्याचा मार्ग धरला. १६ एप्रिल २०२० रोजी मंत्रालयाने एक आदेश काढला. टाळेबंदीच्या पहिल्या टप्प्यात ज्यांनी तिकीट काढले आणि ज्यांचा प्रवास ३ मेपर्यंतचा होता, त्यांनी मागणी केल्यास तीन आठवड्यांत पूर्ण परतावा द्यावा, असे त्यात म्हटले होते.

या आदेशाने फारच थोड्या लोकांचे समाधान झाले. सर्व काही बंद असताना तिकीट काढणारे थोडे होते. बहुसंख्य प्रवाशांनी तिकिटे जानेवारी-फेब्रुवारीतच, म्हणजे संकटाची चाहूल लागण्यापूर्वी काढली होती. ज्यांनी दूरदृष्टीने लवकर आरक्षण केले तेच आदेशाच्या बाहेर राहिले. वर उल्लेखिलेले पहाडगंजमधील कुटुंब अशांपैकीच एक मानता येईल. याच काळात भारतीय रेल्वेने आपल्या रद्द झालेल्या गाड्यांच्या तिकिटांची पूर्ण रक्कम परत केली, ही तुलना लोकांच्या नजरेतून सुटली नाही.

विमान कंपन्यांची बाजूही येथे नमूद केली पाहिजे. विमाने जमिनीवर उभी असली तरी त्यांचे भाडे चालूच होते आणि वेतने द्यावयाची होती. अमेरिकेत सरकारने मार्च २०२० च्या कायद्यान्वये विमान कंपन्यांना वेतनासाठी मोठे अर्थसाहाय्य दिले. भारतात तसे झाले नाही. सर्व परतावे एकदम दिले असते तर काही कंपन्या बुडाल्या असत्या, या म्हणण्यात तथ्य होते. परंतु याचा अर्थ असा होतो की कंपन्या तगवण्याचे ओझे सरकारी तिजोरीने न उचलता लक्षावधी कुटुंबांनी उचलले, आणि तेही त्यांना न विचारता.

सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय

'प्रवासी लीगल सेल' या संस्थेने एप्रिल २०२० मध्ये या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. न्यायमूर्ती अशोक भूषण, न्यायमूर्ती आर. सुभाष रेड्डी आणि न्यायमूर्ती एम. आर. शाह यांच्या पीठाने १ ऑक्टोबर २०२० रोजी निर्णय दिला. निर्णयाने प्रवाशांचे ढोबळ मानाने तीन वर्ग केले. टाळेबंदीच्या काळात, म्हणजे २५ मार्च ते २४ मे दरम्यान, तिकीट काढून त्याच काळात प्रवास करू इच्छिणाऱ्यांना पूर्ण रक्कम तत्काळ परत मिळावयाची होती. २४ मेनंतरच्या प्रवासाच्या तिकिटांना नेहमीचे नियम लागू होते. उरलेल्या सर्वांसाठी, म्हणजे ज्यांची संख्या सर्वांत मोठी होती अशांसाठी, कंपन्यांनी १५ दिवसांत परतावा देण्याचा प्रयत्न करावा आणि आर्थिक अडचणीमुळे ते शक्य नसेल तरच पूर्ण भाड्याइतकी रक्कम ३१ मार्च २०२१ पर्यंत वापरता येईल अशा क्रेडिट शेलमध्ये ठेवावी, असे ठरले.

या तिसऱ्या वर्गासाठी न्यायालयाने घातलेल्या अटी या निर्णयाचा गाभा होत. जमा रक्कम कोणत्याही मार्गावर वापरता येईल आणि दुसऱ्या व्यक्तीच्या नावे करता येईल, असे सांगण्यात आले. त्याशिवाय त्या रकमेत वाढ होत जाईल, असेही ठरले. तिकीट रद्द झाल्यापासून ३० जून २०२० पर्यंत दर महिन्याला किंवा महिन्याच्या भागाला अर्धा टक्का आणि त्यानंतर ३१ मार्च २०२१ पर्यंत दर महिन्याला पाऊण टक्का, असे या वाढीचे प्रमाण होते. पूर्वीच्या उदाहरणातील कुटुंबाचे तिकीट २० एप्रिल रोजी रद्द झाले असे धरल्यास जूनअखेरपर्यंत तीन महिन्यांची दीड टक्का, म्हणजे ३३० रुपये वाढ होते. पुढील नऊ महिन्यांची पावणेसात टक्के, म्हणजे १,४८५ रुपये होते. मार्चअखेर २२,००० रुपयांचे २३,८१५ रुपये होतात.

ही वाढ रकमेने लहान असली तरी तिचा अर्थ मोठा आहे. जमा राहिलेले पैसे हे प्रवाशाचे येणे आहे आणि दुसऱ्याचे पैसे वापरणाऱ्याने त्याचा मोबदला द्यावयाचा असतो, हे व्यवहारातील जुने तत्त्व यामुळे विमान तिकिटांना लागू झाले. ज्या कर्जाला आजवर व्याज नव्हते त्याला प्रथमच व्याजासारखे काही मिळाले. शिवाय जमा ठेवण्यात आता कंपन्यांचाही खर्च होता, त्यामुळे परतावा लवकर देण्याकडे कल वाढणे स्वाभाविक होते. इंडिगोने मार्च २०२१ मध्ये जाहीर केले की टाळेबंदीतील सुमारे १,०३० कोटी रुपयांचे, म्हणजे एकूण क्रेडिट शेलपैकी ९९.९५ टक्के परतावे देऊन झाले आहेत. मुदत संपण्याची वाट न पाहता इतकी मोठी रक्कम परत देता येते, एवढे तरी यावरून सिद्ध झाले.

मध्यस्थाच्या दारी अडलेले पैसे

कंपनीने परतावा दिला म्हणजे तो प्रवाशाच्या हाती पडलाच, असे मात्र नाही. तिकिटांचा मोठा भाग प्रवास-संस्थांमार्फत विकला जातो. अशा वेळी रक्कम प्रथम संस्थेच्या खात्यात येते आणि मग पुढे जावयाची असते. नियमानुसार परताव्याची जबाबदारी विमान कंपनीचीच आहे, कारण प्रवास-संस्था ही तिने नेमलेली प्रतिनिधी होय. प्रत्यक्षात प्रवाशाला कंपनी संस्थेकडे आणि संस्था कंपनीकडे पाठवीत असल्याचा अनुभव येतो.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने गुरुग्राम येथील 'यात्रा' या संस्थेबाबत २७ जून २०२४ रोजी दिलेल्या आदेशात या प्रश्नाचे आकडे पाहावयास मिळतात. २०२१ मध्ये या संस्थेकडे टाळेबंदीमुळे रद्द झालेल्या ३६,२७६ आरक्षणांचे परतावे बाकी होते आणि त्यांची रक्कम २६ कोटी २५ लाख रुपयांहून अधिक होती. प्राधिकरणाने प्रकरण हाती घेतल्यानंतर ही बाकी कमी होत गेली. जून २०२४ मध्ये ४,८३७ आरक्षणांचे सुमारे २ कोटी ५३ लाख रुपये उरले होते. टाळेबंदीला तेव्हा चार वर्षे होऊन गेली होती. प्राधिकरणाने संस्थेला राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर पाच स्वतंत्र जागा निर्माण करण्यास सांगितले. तेथील माणसांनी या प्रवाशांना स्वतः दूरध्वनी करून त्यांचे पैसे कळवावयाचे होते. म्हणजे येणेकऱ्याने देणेकऱ्याला शोधण्याऐवजी देणेकऱ्याने येणेकऱ्याला शोधावे, असा हा उपाय होता. प्रश्नाच्या मुळाशी जाणारा म्हणून तो उल्लेखनीय ठरतो.

कंपनीच बुडाली तर

जमा रकमेचा आणखी एक धोका असा की ती ज्या कंपनीकडे आहे ती कंपनीच नाहीशी होऊ शकते. जेट एअरवेजची विमाने १७ एप्रिल २०१९ रोजी थांबली. गो फर्स्ट या कंपनीने २ मे २०२३ रोजी दिल्लीतील राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाकडे नादारीचा अर्ज केला आणि दुसऱ्या दिवसापासून तिची विमाने उडाली नाहीत. २० जानेवारी २०२५ रोजी न्यायाधिकरणाने तिच्या विसर्जनाचा आदेश दिला.

नादारीच्या कायद्याने, विसर्जनात मिळालेला पैसा कोणत्या क्रमाने वाटावा हे ठरवून दिले आहे. प्रथम प्रक्रियेचा खर्च. त्यानंतर कामगारांची ठराविक काळाची देणी आणि तारण असलेले धनको. मग इतर कर्मचाऱ्यांचे वेतन. मग विनातारण कर्ज देणारे. मग सरकारी देणी. आणि त्यानंतर सहाव्या पायरीवर 'उर्वरित देणी'. सामान्य प्रवाशाचे स्थान या सहाव्या पायरीवर असते. ही बहुधा अशी जागा असते की जेथे पोहोचेपर्यंत वाटण्यासारखे फारसे काही राहिलेले नसते. विमान भाड्याने देणारा सावध असतो आणि बँक तारण घेते. केवळ प्रवासीच पूर्ण रक्कम आगाऊ देऊन काहीही हाती न ठेवता बसतो. म्हणून अडचणीत आलेल्या कंपनीने रोख परताव्याऐवजी जमा देऊ केली, तर तो पर्याय सर्वांत कमी सुरक्षित असतो.

अन्य देशांतील अनुभव

हा प्रश्न केवळ भारताचा नाही. युरोपीय संघाच्या २००४ मधील नियमानुसार विमान रद्द झाल्यास सात दिवसांत परतावा द्यावा लागतो आणि प्रवाशाने सही करून संमती दिली तरच त्याऐवजी व्हाउचर देता येते. ऑस्ट्रेलियात क्वांटास कंपनीकडे साथीच्या काळातील जमा रकमा वर्षानुवर्षे पडून होत्या. ऑगस्ट २०२३ मध्ये लोकक्षोभ आणि संसदीय चौकशीनंतर कंपनीने त्यांची मुदत रद्द केली. अमेरिकेतील साउथवेस्ट कंपनीने २०२२ मध्ये आपल्या प्रवास-जमेची मुदत कायमची काढून टाकली होती, परंतु २८ मे २०२५ पासूनच्या आरक्षणांना तिने पुन्हा मुदत लावली. कंपनीने स्वेच्छेने दिलेली सवलत कंपनी परत घेऊ शकते, कायद्याने दिलेला हक्क मात्र तसा परत घेता येत नाही. हा धडा त्यातून मिळतो.

भारतीय वाचकांना अधिक जवळचे उदाहरण एअर इंडियाचे आहे. अमेरिकेच्या वाहतूक खात्याने नोव्हेंबर २०२२ मध्ये तिला १२ कोटी १५ लाख डॉलरचे परतावे देण्यास आणि १४ लाख डॉलर दंड भरण्यास सांगितले. हे प्रकरण जानेवारी २०२२ मध्ये कंपनी टाटा समूहाकडे येण्यापूर्वीच्या काळातील होते. विमान कंपनीने स्वतः रद्द केले असता परतावा देणे बंधनकारक आहे, तो 'मागितल्यास देऊ' असे म्हणणे पुरेसे नाही, ही त्या खात्याची भूमिका होती. मागण्याची जबाबदारी कोणावर, हाच प्रश्न येथेही निर्णायक ठरला.

विसरलेल्या पैशांचा मालक

भारतीय कायदा इतर ठिकाणी विसरलेल्या पैशांकडे कसा पाहतो, हे शेवटी पाहणे उद्बोधक ठरेल. बँकेतील ठेवीला दहा वर्षे कोणी हात लावला नाही तर ती बँकेची होत नाही. ती रिझर्व्ह बँकेच्या एका निधीत जाते आणि ठेवीदार किंवा त्याचा वारस ती नंतरही मागू शकतो. सात वर्षे न घेतलेला लाभांश कंपनीला ठेवता येत नाही. तो गुंतवणूकदारांसाठीच्या सरकारी निधीत जमा होतो. आगाऊ पैसे भरून वापरावयाच्या साधनांविषयी रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये दिलेल्या निर्देशांनुसार, मुदत संपण्यापूर्वी धारकाला सूचना द्यावी लागते आणि मुदत संपल्यावरही तीन वर्षे उरलेली रक्कम नफ्यात घेता येत नाही. परंतु जे साधन काढणाऱ्याच्याच मालासाठी किंवा सेवेसाठी वापरावयाचे असते, ते या निर्देशांच्या कक्षेबाहेर राहते. विमान कंपनीची जमा रक्कम याच प्रकारात मोडते. एखाद्याच्या विसरण्याने दुसऱ्याला त्याच्या पैशांचा मालक होता येऊ नये, हे तत्त्व कायद्याने बँकेला लागू केले, कंपनीच्या भागधारकांच्या बाबतीतही लागू केले. प्रवाशापर्यंत ते अद्याप पुरतेपणी पोहोचलेले नाही.

दरम्यान, परिस्थितीत काही बदल दिसू लागले आहेत. डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात इंडिगोची विमाने फार मोठ्या संख्येने रद्द झाली, तेव्हा मंत्रालयाने सर्व परतावे ७ डिसेंबरच्या रात्री आठपर्यंत देण्यास बजावले. त्या दिवसापर्यंत ६१० कोटी रुपये परत केल्याचे जाहीर झाले. त्यानंतर कंपनीने फार त्रास झालेल्या प्रवाशांना दहा हजार रुपयांची, बारा महिने चालणारी व्हाउचर देऊ केली. या दोन गोष्टींतील भेद वाचकांनी ध्यानात घ्यावा असा आहे. परतावा हे प्रवाशाचे येणे होते. व्हाउचर ही त्यावरची भर होती. भर म्हणून मिळालेले व्हाउचर वापरले गेले नाही तर प्रवाशाच्या खिशातून काही जात नाही. परंतु परताव्याच्या जागी व्हाउचर आले, तर मुदतीबरोबर त्याचे स्वतःचे पैसेही संपतात.

यावरून सामान्य प्रवाशाने व्यवहारात काय करावे, हे वेगळे सांगण्याची फारशी गरज नाही. विमान कंपनीने रद्द केले असेल, तर जमा रक्कम स्वीकारण्यापूर्वी रोख परताव्याचा हक्क आपल्याला आहे हे त्याने जाणावे आणि मागणी लेखी करावी. जमा स्वीकारलीच, तर तिची मुदत कोणत्या दिवसापासून मोजली जाते आणि ती कोणाला वापरता येते, हे लिहून ठेवावे. तिकीट मध्यस्थामार्फत काढले असल्यास दोघांनाही कळवावे. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आणि ग्राहक आयोग हे मार्ग खुले आहेत.

तथापि सगळा भार प्रवाशाच्या सावधपणावर टाकून हा प्रश्न सुटणार नाही. ज्याला वर्षातून एकदाच विमानात बसावयाचे आहे, त्याने नियमांचा अभ्यास करावा आणि ज्या कंपनीकडे प्रत्येक तिकिटाची नोंद आहे, तिने मात्र मुदत संपेपर्यंत गप्प राहावे, ही विभागणी न्याय्य म्हणता येणार नाही. कोणाचे किती पैसे जमा आहेत आणि ते कोठे पाठवावयाचे, हे कंपनीला ठाऊक असते. ज्याला ठाऊक आहे त्यानेच ते परत करण्यासाठी पुढाकार घ्यावा, एवढी साधी अपेक्षा यामागे आहे. पहाडगंजमधील ते घर २२,००० रुपये विसरले असेल किंवा नसेल. परंतु त्यांच्या विसरण्यावर कोणाचा नफा अवलंबून असू नये.